विरुद्ध दिशेने वाहन : कलम कोणते, शिक्षा किती, बचाव कोणता?

साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की मराठवाड्यातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांमध्ये रस्त्याचे प्रश्न वाढतात. या वेळची बरीच पत्रे दुभाजक असलेल्या किंवा एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावरून विरुद्ध दिशेने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘राँग साइड’ने, वाहन नेल्याबद्दल झालेल्या कारवाईविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे व गावे दिलेली नाहीत, फक्त जिल्हा दिला आहे.

प्रश्न : आमचे शेत धुळे–सोलापूर महामार्गाला लागून आहे. शेतातून घरी परतताना दुभाजकातील अधिकृत वळण बरेच पुढे असल्याने गावातील सगळेच दोन-तीनशे मीटर अंतर रस्त्याच्या कडेने उलट्या बाजूने येतात. मागील महिन्यात मला पोलिसांनी थांबवले, परवाना घेतला, कलम 184 लावले आणि न्यायालयात हजर राहण्यास सांगितले. माझ्या शेजाऱ्याने हेच केले तेव्हा त्याला पाचशे रुपयांवर सोडले होते. मला तुरुंगात जावे लागेल का? आणि हा भेदभाव नाही का? (एक शेतकरी, जि. बीड)

उत्तर : आपला प्रश्न कलमाच्या निवडीचा आहे आणि या विषयातील बहुतेक प्रकरणे तेथेच जिंकली किंवा हरली जातात. विरुद्ध दिशेने वाहन नेण्याच्या एकाच कृतीकडे मोटार वाहन अधिनियम, 1988 दोन दृष्टींनी पाहतो. वाहतुकीचे चिन्ह किंवा सूचना पाळली नाही, एवढ्यापुरते पाहिले तर कलम 119 चा भंग होतो आणि त्याला कलम 177 खाली पहिल्या वेळी पाचशे रुपयांपर्यंत व पुढील वेळी पंधराशे रुपयांपर्यंत दंड आहे. हा गुन्हा जागेवर रक्कम भरून तडजोडीने मिटतो आणि आपल्या शेजाऱ्याचे तसेच झालेले दिसते. मात्र 1 सप्टेंबर 2019 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने कलम 184 मधील ‘धोकादायकपणे वाहन चालविणे’ या गुन्ह्याच्या स्पष्टीकरणात वाहतुकीच्या अधिकृत प्रवाहाविरुद्ध वाहन चालविण्याचा उल्लेख स्वतंत्रपणे घातला. सिग्नल तोडणे, थांबा चिन्ह न पाळणे, हातात मोबाइल धरून वाहन चालविणे हे प्रकारही त्याच यादीत आहेत.

कलम 184 खाली पहिल्या गुन्ह्याला किमान सहा महिने व कमाल एक वर्ष कारावास, किंवा किमान एक हजार व कमाल पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. यातील ‘किंवा’ आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण अपघात झालेला नाही, कोणाला इजा नाही आणि पूर्वीचा गुन्हा नाही अशा प्रकरणात न्यायालय केवळ दंडावर थांबू शकते. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा घडला तर मात्र दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपल्याला न्यायालयात का जावे लागते, याचे कारण कलम 200 मध्ये आहे. तडजोडीने मिटविण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत कलम 184 चा समावेश केवळ मोबाइल वापरण्यापुरता केला आहे. त्यामुळे विरुद्ध दिशेचा गुन्हा 184 खाली नोंदवला गेला, तर तो रस्त्यावर पावती फाडून संपत नाही.

शेजाऱ्याला सोडले म्हणून मलाही सोडा, हा बचाव न्यायालयात टिकत नाही. गावातील सगळेच तसे येतात, हाही नाही. उलट तो मांडणे म्हणजे आपण रोज तसे येता याची कबुली देणे होय. वळण दूर असणे ही अडचण खरी आहे, परंतु ती दंड कमी करण्याच्या विनंतीत शोभते, निर्दोषत्वाच्या युक्तिवादात नाही. त्या अडचणीसाठी ग्रामपंचायतीच्या ठरावासह महामार्ग प्राधिकरणाकडे व जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे सेवा रस्त्याची मागणी करावी. दुभाजक फोडून गावकऱ्यांनी स्वतःच वाट करणे हा त्यावरचा उपाय नव्हे, कारण अशाच फोडलेल्या जागी पुढे माणसे मरतात.

खरा बचाव दोन ठिकाणी शोधावा. जेथे आपल्याला अडवले तो भाग मुख्य मार्गिका होती की दुहेरी वाहतुकीचा सेवा रस्ता होता, हे पाहावे. सेवा रस्त्याला दोन्ही दिशांची परवानगी असेल तर ‘अधिकृत प्रवाहाविरुद्ध’ हा गुन्ह्याचा घटकच उरत नाही. दुसरे म्हणजे कलम 209. कलम 183 व 184 च्या खटल्यात आरोपीला त्याच वेळी खटल्याची ताकीद दिलेली असावी, किंवा चौदा दिवसांत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ व ठिकाण सांगणारी नोटीस त्याला वा वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला बजावलेली किंवा नोंदणीकृत टपालाने पाठविलेली असावी, किंवा अठ्ठावीस दिवसांत समन्स बजावलेले असावे. यांपैकी एकही गोष्ट झाली नसेल तर दोषी ठरवता येत नाही. आपल्याला जागेवरच थांबवून सांगितल्यामुळे या कलमाचा आपल्याला फारसा लाभ होईल असे वाटत नाही, पण पुढील एका पत्रलेखकाला होऊ शकतो.

परवान्याची बाब न्यायालयातील दंडापेक्षा वेगळी आहे, हे ध्यानात ठेवावे. कलम 206(4) नुसार पोलीस 184 च्या गुन्ह्यात परवाना ताब्यात घेऊन परिवहन कार्यालयाकडे पाठवतात आणि कलम 19(1क) नुसार तेथील अधिकारी पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिने तो निलंबित करू शकतो, पुन्हा गुन्हा झाल्यास रद्द करू शकतो. त्यापूर्वी आपले म्हणणे ऐकणे त्याच्यावर बंधनकारक आहे आणि आदेशाची कारणे त्याने लेखी द्यावी लागतात. शेतीची कामे, दूध घालणे, मुलांची शाळा ही कारणे त्या सुनावणीत लेखी मांडावीत. बहुतेक लोक न्यायालयात दंड भरून निश्चिंत होतात आणि या नोटिशीला उत्तरच देत नाहीत.

प्रश्न : नवरात्रात तुळजापूरकडे जाताना गर्दीमुळे पोलिसांनीच आमची गाडी समोरच्या मार्गिकेवर वळवली. पुढच्या नाक्यावरील दुसऱ्या पोलिसाने मात्र आम्हाला विरुद्ध दिशेबद्दल चलन दिले. (एक भाविक, जि. धाराशिव)

उत्तर : हे चलन टिकू नये. कलम 119 स्वतःच वाहतूक नियमन करणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचे निर्देश पाळण्यास सांगते आणि त्या दिवशी त्या मार्गिकेवरचा अधिकृत प्रवाह कोणता, हे पोलिसांनीच ठरवले होते. गाडीतील सहप्रवाशांचे जबाब, रस्ता वळवल्याची पोलिसांची प्रसिद्धी सूचना आणि असल्यास गाडीतील कॅमेऱ्याचे चित्रण जोडून चलनाविरुद्ध तक्रार करावी. एवढे पुरे.

प्रश्न : पत्नीला रात्री प्रसूतीच्या कळा सुरू झाल्या आणि रक्तस्राव होऊ लागला. लातूर शहरात रुग्णालयाकडे जाताना मी एकेरी रस्त्यावरून उलट गेलो. माझ्यावर 184 ची कारवाई झाली. जीव वाचविण्यासाठी केलेली गोष्ट गुन्हा कशी? (एक वाचक, जि. लातूर)

उत्तर : आपल्या बाजूने भारतीय न्याय संहिता, 2023 चे कलम 19 आहे. जुन्या दंड संहितेच्या कलम 81 मधीलच हे तत्त्व आहे. गुन्हेगारी हेतू नसताना, सद्भावनेने, अधिक मोठी हानी टाळण्यासाठी केलेली कृती, तिच्यातून काही हानी संभवते हे ठाऊक असूनही, गुन्हा ठरत नाही. हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे, मात्र सरकार पक्षाइतका कडक पुरावा आपल्याकडून अपेक्षित नसतो; आपले म्हणणे अधिक संभवनीय वाटले तरी पुरते.

न्यायालय या बचावात नेमके काय पाहील, हे सांगतो. संकट खरे आणि तातडीचे होते का? त्यासाठी रुग्णालयातील दाखल होण्याची वेळ नोंदलेला कागद व डॉक्टरांचे टिपण सर्वांत बोलका पुरावा आहे. चलनावरील वेळ आणि केस पेपरवरील वेळ यांत दहा-पंधरा मिनिटांचे अंतर असेल तर पुष्कळ काम झाले. दुसरा मार्ग उपलब्ध होता का, आणि तो किती लांब होता? चार गल्ल्यांचा वळसा टाळण्यासाठी आपण उलट गेला असाल तर बचाव लंगडा पडतो. आपण कसे गेलात, हेही विचारले जाईल. दिवे लावून, हॉर्न देत, सावकाश जाणे आणि सुसाट जाणे यांत फरक आहे. रुग्णवाहिका व अग्निशमन वाहनांना आणीबाणीच्या कामावर असताना नियमांतून जी सूट मिळते, ती खासगी मोटारीला नाही, म्हणून आपला सगळा भर कलम 19 वरच असावा. परतीच्या वाटेवर पकडले गेला असाल, तर मात्र हा बचाव घेऊ नये.

प्रश्न : माझे पती ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरवर चालक आहेत. रात्री कारखान्यातून रिकाम्या ट्रॉल्या घेऊन परतताना त्यांनी वळण टाळण्यासाठी थोडे अंतर उलट्या बाजूने ट्रॅक्टर आणला. समोरून आलेला मोटारसायकलस्वार धडकला आणि मरण पावला. पती पळून गेले नाहीत, त्यांनीच पोलिसांना फोन केला. त्यांच्यावर न्याय संहितेची कलमे 106(1) व 281 आणि मोटार वाहन अधिनियमाचे 184 लावले आहे. कोणी म्हणते दहा वर्षे होतील, कोणी म्हणते सदोष मनुष्यवध लागेल. मृताने हेल्मेट घातले नव्हते आणि तो दारू प्यायला होता असे ऐकले. त्यांचे नातेवाईक मिटवून घ्यायला तयार आहेत. (एक भगिनी, जि. जालना)

उत्तर : ताई, आधी भीतीचे बोलू. दहा वर्षांची जी चर्चा आपण ऐकली ती कलम 106(2) ची आहे. अपघातानंतर पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकासाठी ती तरतूद केली गेली, मालवाहतूकदारांचा मोठा विरोध झाला आणि 1 जुलै 2024 रोजी नवी संहिता लागू झाली तेव्हा हे उपकलम वगळून ती लागू करण्यात आली. शिवाय आपले पती पळालेले नाहीत. त्यांना लागू असलेल्या 106(1) खाली पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र पण जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा त्यांचा हक्क आहे. घटना 1 जुलै 2024 पूर्वीची असती तर जुने कलम 304-अ लागले असते आणि कमाल शिक्षा दोन वर्षे राहिली असती. कलम 281 खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

सदोष मनुष्यवधाचे कलम, म्हणजे आताचे 105, हे अजामीनपात्र आहे आणि खटला सत्र न्यायालयात चालतो. ते लागण्यासाठी आपल्या कृतीने मृत्यू होण्याचा संभव आहे याची जाणीव चालकाला होती, असे दाखवावे लागते. मुंबईत वांद्रे येथे 2006 मध्ये मद्यपान करून मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर घातल्याने सात जणांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये जुन्या कलम 304 च्या दुसऱ्या भागाखालील दोषसिद्धी व तीन वर्षांची शिक्षा कायम केली. त्या प्रकरणाशी आपले प्रकरण जुळत नाही. परंतु रात्री, दिवे किंवा परावर्तक पट्ट्या नसलेल्या ट्रॉल्यांसह, भरधाव महामार्गाच्या मधल्या पट्ट्यात कोणी उलटा ट्रॅक्टर घातला तर सरकार पक्ष तसा आग्रह धरू शकतो. म्हणून ट्रॉलीच्या दिव्यांची व लाल पट्ट्यांची अपघाताच्या रात्रीची छायाचित्रे असतील तर ती जपून ठेवावीत.

आता बचाव. 106(1) खाली सरकार पक्षाला दोन गोष्टी संशयापलीकडे सिद्ध कराव्या लागतात : कृती बेदरकार किंवा हयगयीची होती, आणि मृत्यू तिचाच प्रत्यक्ष परिणाम होता. विरुद्ध दिशेने असणे हे पहिल्या गोष्टीसाठी फार वजनदार आहे आणि ते नाकारत बसण्याने आपले पती विश्वासार्हता गमावतील. दुसऱ्या गोष्टीवर मात्र बोलण्यास जागा असते. कुर्बान हुसेन रंगवाला विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1964 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मृत्यू हा आरोपीच्या कृतीचा थेट परिणाम असला पाहिजे. ती अनेक कारणांपैकी एक कारण होती एवढे पुरत नाही. एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टर कच्च्या साइडपट्टीवर दिवे लावून उभा राहिलेला होता आणि मोटारसायकल आधी रस्त्यातील दगडावर उडून मग त्यावर आदळली, असे पुराव्यातून दिसले तर चित्र बदलते.

हे कोठे दिसते? घटनास्थळ पंचनाम्यात. तो कागद आधी हाती घ्यावा आणि त्याचा नकाशा बारकाईने पाहावा : काचांचे तुकडे रस्त्याच्या कोणत्या बाजूला पडले, ते डांबरावर होते की साइडपट्टीच्या मुरमात, ब्रेकचे काळे ओरखडे किती लांब व कोणत्या वाहनाचे, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकापासून दुभाजकापर्यंतचे अंतर किती फूट लिहिले आहे, आणि तेथे रस्त्यावर दिवा होता की नाही. साक्षीदार दोन वर्षांनी न्यायालयात जे सांगतात त्याला त्या रात्री टेपने मोजून लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहिले जाते. पंचनाम्यात चूक असेल तर फेरतपासणीची मागणी दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी करणे बरे.

मृताने हेल्मेट घातले नव्हते, हा फौजदारी खटल्यात बचाव नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यात त्याचा विचार होऊ शकतो. दारूचे तसे नाही. शवविच्छेदन अहवाल व रक्ताच्या रासायनिक पृथक्करणाचा अहवाल काय सांगतो ते पाहावे, कारण तोल जाऊन तोच दुसऱ्या मार्गिकेतून समोर आला असेल तर ते कार्यकारणाच्या प्रश्नाला भिडते. नुसत्या ऐकीव गोष्टीवर मृताची निंदा करणे मात्र टाळावे. न्यायालयालाही ते रुचत नाही.

मिटवून घेण्याविषयी : 106(1) हा आपसात तडजोडीने संपणारा गुन्हा नाही. गावात बैठक होऊन रक्कम ठरली, तरी खटला चालूच राहतो, आणि ‘केस मागे घेतो’ असे सांगून पैसे मागणाऱ्या मध्यस्थांपासून दूर राहावे. प्राथमिक माहिती अहवाल रद्द करण्याचा अधिकार उच्च न्यायालयाला, आपल्यासाठी औरंगाबाद खंडपीठाला, आहे. परंतु मृत्यूच्या प्रकरणात तो केवळ समझोत्यावर सहज वापरला जात नाही. दोषसिद्धी झालीच तर चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची विनंती करता येते, पण दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या 2000 च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने वाहनचालकांच्या अशा गुन्ह्यांत ही सवलत सढळ हाताने देऊ नये असे बजावले आहे. त्यांनी स्वतः फोन करून पोलिसांना कळवले, जखमीसाठी मदत मागवली, हे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 134 मधील त्यांचे कर्तव्यच होते आणि शिक्षेचा विचार होताना त्याचा उपयोग होईल. त्या फोनचा तपशील मोबाइल कंपनीकडून मिळेल. तो जुना होऊ देऊ नका.

प्रश्न : छत्रपती संभाजीनगरात जालना रोडवर विरुद्ध दिशेने गेल्याचे ई-चलान माझ्या मोबाइलवर घटनेनंतर सव्वा महिन्याने आले. त्या दिवशी गाडी माझा भाचा चालवत होता. छायाचित्रात क्रमांक दिसतो, दिशा कळत नाही. (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्यांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 167-अ आहे. त्यानुसार गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांत पाठवली गेली पाहिजे, उपकरणाला दरवर्षी नूतनीकरण होणारे मान्यता प्रमाणपत्र असले पाहिजे, कॅमेऱ्याची सूचना देणारा फलक त्या टप्प्याआधी लावलेला असला पाहिजे आणि चलानावर गुन्हा दाखवणारे छायाचित्र, वेळ, ठिकाण व कलम असले पाहिजे. विरुद्ध दिशेच्या गुन्ह्यात केवळ क्रमांकाची पाटी दिसून भागत नाही. दुभाजक, बाणाची खूण किंवा इतर वाहनांची दिशा त्याच चौकटीत दिसल्याशिवाय प्रवाह कोणता होता हे कळणार कसे? पोर्टलवर हरकत नोंदवून मूळ चित्रणाची मागणी करावी. चलान 184 खाली असेल तर वर सांगितलेले कलम 209 ही आपल्या मदतीला येते, कारण आपल्याला सव्वा महिन्यापर्यंत कोणतीही नोटीस आलेली नाही.

भाच्याचे नाव लपवू नका. कलम 133 खाली, पोलिसांनी विचारल्यास, वाहन कोण चालवत होते हे मालकाने सांगणे बंधनकारक आहे. आणि विरोध करायचा असल्यास आधी रक्कम भरू नये. भरलेले चलान म्हणजे मान्य केलेला गुन्हा.

प्रश्न : सतरा वर्षांच्या मुलाने उलट्या बाजूने स्कूटी नेली. गुन्हा मुलाचा, मग माझ्यावर कशासाठी? (एक पालक, जि. परभणी)

उत्तर : कलम 199-अ मुळे. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. माझ्या नकळत नेली, किंवा नेऊ नये म्हणून मी योग्य ती काळजी घेतली होती, हे सिद्ध केले तरच आपली सुटका आहे. किल्ली दाराच्या खुंटीवर टांगलेली असेल तर हे सिद्ध करणे कठीण जाईल.

प्रश्न : मी रिक्षाचालक आहे. हिंगोलीकडे जाताना उलट्या बाजूने आलेल्या मोटारसायकलने रिक्षाला धडक दिली, माझ्या पायाचे हाड मोडले. विमा कंपनीचा माणूस म्हणतो, चालक राँग साइडने होता म्हणून कंपनी पैसे देणार नाही. (एक वाचक, जि. नांदेड)

उत्तर : त्याचे म्हणणे चूक आहे. विमाधारकाने वाहतुकीचा नियम मोडला, एवढ्यावरून तिसऱ्या पक्षाचा, म्हणजे आपला, दावा फेटाळता येत नाही. नियम मोडणाऱ्यामुळे इतरांचे नुकसान होते म्हणूनच तर हा विमा सक्तीचा आहे. मोटारसायकलस्वारावर न्याय संहितेच्या कलम 125(ब) खाली, गंभीर दुखापतीसाठी, तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याचा खटला आणि आपला भरपाईचा दावा स्वतंत्र आहेत. तो संशयाचा फायदा घेऊन सुटला तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण आपल्या पुराव्यावर वेगळा निष्कर्ष काढू शकते. आपण वेगात होता असे कंपनी म्हणेल. तसे सिद्ध झाले तर आपल्या निष्काळजीपणाच्या प्रमाणात भरपाई कमी होते, दावा बुडत नाही.

दोषाच्या वादात पडायचे नसेल तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. कलम 166 खाली उपचारखर्च, बुडालेली कमाई व अपंगत्व यांसह अधिक रक्कम मागता येते. हाड जुळून रिक्षा पुन्हा चालवता येणार की नाही, याचे वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र त्यासाठी लागेल. कलम 166(3) मध्ये अर्जासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांनी नव्वद दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यावयाचा असतो, पण त्यावर विसंबून स्वतःचा अर्ज लांबवू नये. अपघात हिंगोली जिल्ह्यात घडला असला तरी आपण जेथे राहता त्या क्षेत्रातील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे नांदेडलाच, अर्ज करता येतो.